मानवातील बर्ड फ्लू : लक्षणे आणि गुंतागुंत

पक्ष्यांमधील ‘अ’ गटाच्या इन्फ्लुएन्झा विषाणूची माणसाला होणारी लागण. एच५एन१, एच७एन९ व एच९एन२ हे माणसात आढळलेले प्रमुख उपप्रकार. एच५एन१ची माणसातील पहिली नोंद हाँगकाँगमधील असून १९९७ साली तेथे १८ जण आजारी पडले व ६ दगावले. २००३ पासून जगभर नोंदल्या गेलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे मृत्यू पावले. सौम्य आजाराचे अनेक रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातील मृत्यूचे प्रमाण याहून कमी असावे. भारतात कोंबड्यांमधील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे आली. एच५एन१मुळे देशातील पहिला मानवी मृत्यू जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा झाला. २०१९ मध्ये मेळघाटातील एका तान्ह्या मुलाला एच९एन२ची लागण झाल्याचे आढळले होते. तो बरा झाला.

कोल्हापुरात बर्ड फ्लूची बातमी आली की लोक आधी रश्श्याची काळजी करतात. ती अनाठायी आहे. रटरटा उकळलेल्या रश्श्यात आणि आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही; ७० अंश सेल्सिअस तापमान त्याला पुरेसे आहे. धोका असतो तो कोंबडी भांड्यात पडण्याआधी. आषाढात त्र्यंबोली यात्रेच्या दिवसांत गल्लोगल्ली सामिष बेत होतात, तेव्हा सोलणाऱ्याच्या हाताला, तोंडावर उडणाऱ्या थेंबांना आणि पिसांच्या धुरळ्याला महत्त्व येते. खेड्यात परड्यातले खुराडे झाडणाऱ्या बाईला आणि डालग्याखालची पिल्ले हाताळणाऱ्या पोरांनाही तोच धोका. सर्वांत वाईट सवय म्हणजे कोंबडीने मान टाकली, तुरा काळानिळा पडला, की ती वाया जाऊ नये म्हणून मरायच्या आत तिच्यावर सुरी फिरवणे. नुकसान टाळण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे, पण विषाणूचा सर्वाधिक भार असलेला पक्षी त्यामुळे थेट हातात येतो.

संसर्गानंतर लक्षणे बहुधा २ ते ५ दिवसांत दिसतात. क्वचित त्याहून बराच उशीर लागतो. सुरुवात नेहमीच्या फ्लूसारखीच : ३८ अंशांपेक्षा जास्त ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंग मोडून येणे. काहींना जुलाब, उलट्या, पोटदुखी होते. नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. डोळे लाल होणे हेच काही वेळा एकमेव लक्षण असते. नेदरलँड्समध्ये २००३ च्या एच७एन७ साथीत बहुतेक रुग्णांचे डोळेच आले होते, तरी एका पशुवैद्याचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. अमेरिकेत २०२४ मध्ये लागण झालेल्या गोठ्यांतील कामगारांमध्येही डोळ्यांचीच तक्रार ठळक होती.

पावसाळ्यात व त्यानंतर येथे डेंग्यूचे रुग्ण असतात आणि घोळ तिथेच होतो. दोन्ही आजारांत ताप, उलट्या, रक्तस्राव, शिवाय रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कमी. रिपोर्ट पाहून डेंग्यूचा संशय येणे स्वाभाविक आहे. म्हणून घरातल्या कोंबड्या मेल्या होत्या का, कुणी सोलल्या का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी नातेवाइकांनी आपण होऊन सांगावे. निदानाची वाट बहुतेक वेळा याच एका माहितीने सापडते.

गुंतागुंतीत न्यूमोनिया पहिला. हा विषाणू नाक-घशापेक्षा फुफ्फुसाच्या खोल भागातील पेशींना सहज चिकटतो. त्यामुळे तो माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही, पण ज्याला गाठतो त्याचे फुफ्फुस मुळापासून पोखरतो. साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास धाप लागते, कधी बेडक्यात रक्त दिसते. पुढे हवेच्या पिशव्यांत द्रव भरून तीव्र श्वसनकष्ट उद्भवतात आणि व्हेंटिलेटरची गरज पडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा अतिरेकी पेटल्याने मूत्रपिंड, यकृत, हृदय एकापाठोपाठ निकामी होऊ शकतात. वरून जिवाणूंचा संसर्ग व सेप्सिसही (संसर्गाने सर्व शरीरावर होणारा घातक परिणाम) होतो. मेंदूदाह क्वचित होतो. व्हिएतनाममध्ये २००४ साली एका मुलाला श्वसनाची तक्रार नसताना जुलाब, झटके व बेशुद्धी आली आणि त्याच्या पाठीच्या मणक्यातील द्रवात एच५एन१ सापडला. गरोदर स्त्रिया आणि जुने विकार असलेल्यांना धोका अधिक. मात्र पूर्वी धडधाकट असलेली मुले व तरुणही बळी पडले आहेत.

निदानासाठी घशातील व नाकातील स्वॅबची आरटी-पीसीआर तपासणी करतात. पुष्टीसाठी पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा आधार असतो. न्यूमोनिया झालेल्या रुग्णात केवळ नाकाचा नमुना निगेटिव्ह आला म्हणून संशय सोडू नये. श्वासनलिकेतील खोलवरचा नमुना घ्यावा लागतो. उपचारात ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, पण उशीर झाला तरी ते देतात आणि रिपोर्टची वाट पाहत थांबत नाहीत. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. रुग्णासोबत आजारी कोंबड्या हाताळलेल्या घरच्या माणसांवरही किमान १० दिवस लक्ष ठेवावे लागते. त्यांच्यापैकी कुणाला ताप आला, तर मास्क लावून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.