दुर्लक्षित घोडे : लक्षणे आणि सुटका (सातारा व सांगली जिल्हे)

अन्न, पाणी, निवारा, विश्रांती किंवा औषधोपचार यांच्या अभावी खंगलेला घोडा वेळीच ओळखणे, त्याला त्या हालांतून सोडवणे आणि पुन्हा उभा करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. घोडा सोडवून आणला की काम फत्ते झाले, अशी एक समजूत असते. प्रत्यक्षात खरी जोखीम त्यानंतरच्या दहा दिवसांत असते.

सातारा ही मराठ्यांची राजधानी होती, तेव्हा पागेचा घोडा सरकारी आणि त्यावरचा स्वार बारगीर, तर स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, असा भेद होता. तो भेद आजही उपयोगी पडतो, कारण लगाम धरून उभा असलेला पोरगा घोड्याचा मालक असेलच असे नाही. आज या भागातला घोडा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडतो, लग्नाच्या वरातीत उभा राहतो, जत्रेत हलगीच्या ठेक्यावर नाचतो. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतले मेंढपाळ धनगर बिऱ्हाड लादायला तट्टू बाळगतात. मिरजेचा टांगा मात्र रिक्षापुढे टिकला नाही. देशातच घोडे कमी होत चालले आहेत: २०१२च्या पशुगणनेत सव्वासहा लाख असलेली घोडे व तट्टे २०१९मध्ये ३.४ लाखांवर आली. घोडे घटले की नालबंद, खोगीर शिवणारे आणि घोड्याची नस जाणणारी माणसेही घटतात. इथल्या हालांचे ते एक कारण आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

दुसरे कारण हंगामाचे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या महिन्यांत पर्यटक नाहीत, म्हणजे कमाई नाही. घोड्याचे पोट मात्र रोजचेच. वरातीच्या घोड्याचेही तसेच, मुहूर्त संपले की त्याची चंदी, म्हणजे दाणा, आटते. म्हणून उपासमारीमागे दर वेळी क्रौर्यच असते असे नाही, पुष्कळदा रिकामा खिसा असतो. यामुळे गुन्हा माफ होत नाही. उपाय कोणता करायचा ते मात्र यावरून ठरते.

लक्षणे वाचताना नुसत्या नजरेवर विसंबू नये. दाट केसांखाली बरगड्या लपतात आणि जंतांनी फुगलेले पोट पाहून घोडा गुबगुबीत वाटतो. त्यासाठी हात फिरवावा. अमेरिकेत हेनेके यांनी १९८३मध्ये १ ते ९ अशी अंगलटीची श्रेणी मांडली. तीत मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठकणा आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा चाचपतात. साधारण ५ ही श्रेणी चांगली. तीत बरगड्या दिसत नाहीत, पण बोटांना लागतात. १ म्हणजे हाडांवर कातडे. मात्र म्हातारा घोडा, पिलू पाजणारी घोडी आणि दात झिजलेले जनावर चांगल्या घरातही रोडावते. तोंडातून चावलेल्या गवताचे गोळे बाहेर पडत असतील, तर दोष तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) नसून दातांत असतो.

सामानाच्या खुणा सहसा खोटे बोलत नाहीत. खोगिरात कापूस-चिंध्या कोंबून भरतात, तीच खोगीरभरती. भाषेत या शब्दाला निरुपयोगी भरणा असा अर्थ आला. घोड्याच्या पाठीवर मात्र या भरतीला फार मोल आहे. तिचे गोळे झाले की भार एकाच जागी पडतो आणि कातडे सोलते. जखम भरल्यावर तिथे बहुधा पांढरे केस उगवतात, त्यामुळे काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके म्हणजे जुन्या दुखण्याचा पंचनामाच. तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) जागी, काखेत, ओठांच्या कोपऱ्यांत आणि मागच्या पायांत, जिथे पायबंदाचा दोर काचतो तिथे, अवश्य पाहावे. काटे असलेला लगाम दिसला तर पुढची चौकशी करायचीही गरज नाही. तो नियमाने निषिद्ध आहे.

खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. पुढे चपलेसारखे वाकलेले खूर म्हणजे कित्येक महिन्यांची हयगय. चिखलात उभ्या ठेवलेल्या घोड्याच्या खुराच्या तळाला काळा, दुर्गंधीयुक्त पू होतो, आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात त्याला निमित्त लागत नाही. उलट, धान्य बेसुमार चारल्यानेही खुराच्या आतले पापुद्रे सुजतात. पुढच्या पायांवरचा भार टाळून मागे रेललेला घोडा चांगला तुस्त असू शकतो, तरी तो यातनेत असतो. केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचे फॉस्फरस-कॅल्शियमाचे प्रमाण बिघडून हाडे ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडे सुजतात.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६०चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. इतक्यात घोड्याची एका दिवसाची चंदीही येत नाही. त्याखालचे १९६५चे नियम जास्त कामाचे आहेत. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नको; जिथे पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नको; टांग्यात हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारच माणसे. तक्रार करताना तारखेसह छायाचित्रे, जागा आणि सामानाचे बारकावे टिपावेत, आणि पोलीस ठाण्याबरोबर सरकारी पशुवैद्यकालाही कळवावे. पशुवैद्यकाच्या लेखी अहवालाशिवाय पुढे काही उभे राहत नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि सांगली परिसरात २००३पासून अ‍ॅनिमल राहत ही संस्था कष्टकरी जनावरांसाठी काम करते. कळवळून रोख पैसे मोजून घोडा विकत घेणे मात्र टाळावे. त्याच पैशांत दुसरे तट्टू त्याच खुंट्याला येते.

आता ते दहा दिवस. उपाशी घोडा आणल्याबरोबर दयेपोटी त्याच्यापुढे हरभऱ्याचा तोबरा बांधणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. उपासात शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असते. अचानक पिठूळ धान्य पोटात गेले की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि बरा दिसू लागलेला घोडा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हृदय किंवा श्वसन बंद पडून कोसळू शकतो. यावरचा मान्य उपाय इथल्या मळ्यांत मिळतो: लसूणघास (अल्फाल्फा), वाळवलेला. त्यात स्टार्च कमी, फॉस्फरस व मॅग्नेशियम जास्त. मध्यम घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, रात्रीदेखील. पुढे हळूहळू वाढ, आणि दहा दिवसांनंतर खाईल तेवढा. तट्टाला अंगाप्रमाणे कमी. पाणी आणि मीठ जवळ हवे, धान्य नको. जंतांचे औषध, दात घासणे, नाल हे सारे पशुवैद्यक सांगेल तेव्हा. धनुर्वाताची लस मात्र लवकर. आडवा पडलेला घोडा कुशी बदलत ठेवावा लागतो, आणि घोड्याला ओकता येत नसल्याने पोटशूळाचा प्रत्येक झटका तातडीचा समजतात.

नवा घोडा काही आठवडे वेगळा बांधतात. नाकातून शेंबूड आणि अंगावर गाठी असतील तर ग्लँडर्सचा संशय येतो. हा रोग माणसालाही होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो, आणि रोग पक्का ठरल्यास २००९च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली घोडा मारावा लागतो.

अंगावर मांस धरायला सहा ते दहा महिने लागतात. खटला चालू असताना जनावर कोठे राहणार आणि चारा कोणाच्या खर्चाने, हे त्याच अधिनियमाखालच्या २०१७च्या नियमांनी ठरवून दिले असून तो भार मालकावर येऊ शकतो. पण वसुली होईपर्यंत रोजचे ओझे सांभाळणाऱ्यावरच असते. घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. सोडवून आणलेले बारा वर्षांचे जनावर ठेवून घेणाऱ्याला पुढच्या पंधरा वर्षांच्या घासाची तजवीज करावी लागते.