बोराकायचं सांडपाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावरचा एक व्हिडिओ बराच फिरला. कुणीतरी बाळाचा भरलेला डायपर पुळणीत खड्डा करून पुरत होतं. प्रशासनाने तिथली सुमारे १०० मीटर किनारपट्टी पोहणाऱ्यांसाठी बंद करून टाकली. एका डायपरपायी हे जरा जास्तच वाटेल. पण त्याच्या आदल्या वर्षी ते अख्खं बेट सहा महिने बंद होतं, त्यामुळे सगळे आधीच पोळलेले. शिवाय ओल्या वाळूत मैल्यातले जिवाणू उघड्या पाण्यापेक्षा जास्त दिवस तग धरतात. वरच्या पाण्यात ऊन त्यांना मारतं, वाळूखाली ऊन पोचत नाही.

बोराकाय म्हणजे जेमतेम दहा चौरस किलोमीटर जमीन. लांबी सात किलोमीटर, आणि मधे कंबरेला इतकी अरुंद की एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. पश्चिमेला चार किलोमीटरची 'व्हाइट बीच'. तिथली वाळू पिठासारखी पांढरी आणि भर दुपारीही पायाला चटका न देणारी. कोकणातली वाळू बरीचशी डोंगर झिजवून नद्यांनी आणलेली असते. इथली समुद्रातल्या जिवांनीच तयार केलेली. प्रवाळाचा चुरा, शिंपल्यांचे तुकडे, सूक्ष्म जिवांची चुनखडी कवचं. म्हणजे ज्या वाळूसाठी लोक येतात तिचा कारखाना किनाऱ्यापुढच्या प्रवाळात आहे. १९८८ ते २०११ या काळात बोराकायभोवतालच्या जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ७० टक्क्यांनी घटलं.

हे कसं झालं ते पाण्याच्या हिशोबातून नीट कळतं. बेटावर नदी नाही. पिण्या-वापरण्याचं पाणी पलीकडच्या पनाय बेटावरच्या नाबाओय नदीतून समुद्राखालच्या पाइपने येतं. कचरा बोटीत घालून पुन्हा तिकडेच नेता येतो आणि नेतातही. पण आंघोळीचं, संडासाचं, हॉटेलातल्या चादरी धुतल्याचं पाणी परत कोण नेणार? पाइपने आलेलं पाणी वापरून झालं की बेटावरच राहतं, आणि तिथून समुद्रात जातं.

घरामागचा शोषखड्डा विहिरीपासून लांब का खणायचा, हे वाडीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बोराकायमध्ये तोच प्रश्न, फक्त विहिरीच्या जागी समुद्र. चुनखडी आणि वाळू, दोन्ही चाळणीसारखी. सेप्टिक टाकीतून झिरपलेलं पाणी भूजलात उतरतं आणि पुळणीखालून गुपचूप समुद्रात बाहेर पडतं. वरून नळी दिसत नाही, वास येत नाही, पण नत्र आणि स्फुरद, म्हणजे शेतातली खतंच, समुद्रात पोचतात. उघड्या नळ्याही होत्याच. पूर्वेच्या बुलाबोग किनाऱ्यावर, जिथे लोक पतंगाच्या जोरावर लाटांवर घसरायला येतात, तिथेच गटाराचं तोंड समुद्रात उघडत होतं.

प्रवाळाला खतं सोसत नाहीत. तो स्वच्छ, जवळजवळ उपाशी पाण्यातला जीव. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला वाटा त्याला देतं, म्हणून तो अशा पाण्यात जगू शकतो. पाण्यात खत पडलं की बाहेरचं शेवाळ भराभर वाढतं, प्रवाळावर सावली धरतं आणि जागा बळकावतं. शेतात तणाने पीक झाकावं, तसं.

बोराकायला हे शेवाळ दरवर्षी डोळ्यांनी दिसतं. तिथे दोन वाऱ्यांवर वर्ष चालतं: ईशान्येचा 'आमिहान' आणि नैर्ऋत्येचा 'हाबागात'. आमिहानात पश्चिमेचा किनारा आडोशाला येतो, पाणी आरशासारखं शांत होतं, आणि गर्दीही तेव्हाच उसळते. आमिहान ओसरता ओसरता, फेब्रुवारी ते मे, व्हाइट बीचच्या काठाला हिरवा गालिचा येतो. तो पूर्वीपासून येतो, निसर्गाचंच आहे, असं तिथले काही जण ठासून सांगत. थोडं शेवाळ असेलही पूर्वीपासून. पण शांत पाणी, कडक ऊन आणि वर्षातलं सगळ्यात जास्त सांडपाणी एकाच वेळी आलं, तर गालिचा जाड होणारच.

२०१७ साली बेटावर सुमारे २० लाख पर्यटक आले. नऊ पाणथळींपैकी चारच शिल्लक होत्या. बाकीच्यांवर भराव पडून बांधकामं झाली होती. पाणथळ म्हणजे फुकटचं सांडपाणी केंद्र आणि पुराची टाकी, दोन्ही. ती बुजवल्यावर मोठ्या पावसात रस्ते तुंबले तर नवल काय? फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी बोराकायला जाहीरपणे मैल्याची टाकी म्हटलं आणि २६ एप्रिलपासून बेट पर्यटकांना बंद केलं.

सहा महिने. भरतीरेषेपासून २५ अधिक ५, म्हणजे ३० मीटरच्या आतली बांधकामं हटवली, रस्ते रुंद केले, ५० आणि त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बंधनकारक केलं. लहान हॉटेलांना सामायिक केंद्र किंवा मलवाहिनीची जोडणी. किनाऱ्यावर दारू, सिगारेट, पार्ट्या बंद. मात्र याची झळ आधी कुणाला बसली, तर खोल्या झाडणाऱ्या, होड्या वल्हवणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या हजारोंना. ज्यांनी पाणथळ बुजवली त्यांचं सहा महिने भागलं असणार. बेटाचे मूळ रहिवासी आती लोक तर कधीच कोपऱ्यात ढकलले गेले होते. त्यांच्या वस्तीला हक्काची म्हणून मिळालेली जमीन जेमतेम दोन हेक्टर.

२६ ऑक्टोबर २०१८ ला बेट उघडलं ते आकडा घेऊन: दिवसाला ६,४०५ नवे पर्यटक, आणि एका वेळी बेटावर १९,२१५. माणूस सरासरी तीन दिवस राहतो असं धरलं की पहिल्या आकड्यातून दुसरा बरोबर निघतो. धारणक्षमता, म्हणजे बेट किती माणसं पेलू शकतं, म्हणतात ती हीच, आणि वर्तमानपत्रांतून तिचं फार कौतुक झालं. मी मात्र ६,४०५ ला ३६५ ने गुणून पाहिलं. वर्षाला २३ लाखांच्या वर जातं. बंदीआधीच्या २० लाखांपेक्षा जास्त! आणि झालंही तसंच, २०१९ मध्ये पुन्हा सुमारे २० लाख लोक येऊन गेले.

म्हणजे मर्यादेने माणसं कमी केली नाहीत. तिने फक्त गर्दीचं टोक कापलं. सांडपाण्याच्या दृष्टीने तेही मोलाचं, कारण कुठलंही शुद्धीकरण केंद्र वर्षाच्या सरासरीने बुडत नाही, सणाच्या आठवड्यात बुडतं. पण खरं काम केलं ते मलवाहिन्यांनी आणि त्या ३० मीटरच्या पट्ट्याने. एप्रिल २०२२ मध्ये ईस्टरच्या आठवड्यात ती मर्यादा ओलांडली गेलीच. किनारा तेव्हा मोजणीच्या भरवशावर असता, तर त्या आठवड्यात त्याला कुणी वाली उरला नसता.

२०२५ च्या जूनपासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, त्यामुळे आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींतही बोराकाय दिसायला लागलंय. तिथे पोचायचं ते पनायवरच्या कातिक्लानच्या धक्क्यावरून, होडीने, दहा-पंधरा मिनिटांत. पर्यावरण शुल्क या प्रवासाआधीच भरायचं, मोजणीही तिथेच. होडीत जागा मोजकी आणि समुद्र खवळला की ती सुटतच नाही, म्हणून बेटाला आपोआप एक फाटक मिळालेलं आहे. आता पनाय ते बोराकाय पुलाचा प्रस्ताव आलाय, सुमारे अडीच किलोमीटरचा. बेटावरच्या अनेकांना तो नको आहे.