लिबवेबपी लायब्ररीतला २०२३ चा बग

लिबवेबपी म्हणजे वेबपी फॉरमॅटमधले फोटो उघडणारी गुगलची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड, आणि तिच्यात सप्टेंबर २०२३ मध्ये जो बग सापडला त्याचा सुरक्षेच्या त्रुटींच्या जगभरच्या यादीतला नंबर सीव्हीई-२०२३-४८६३. मुद्दाम बिघडवलेला एक फोटो वेब पेजवर ठेवला की पेज नुसतं उघडल्यावरच ब्राउझर क्रॅश होऊ शकायचा, कुठं क्लिक करायची पण गरज नाही, आणि हल्लेखोर तयारीचा असेल तर क्रॅशवर न थांबता स्वतःचा कोड चालवून घ्यायचा. म्हणून "क्रॅशच झालं ना, परत उघडू" असं म्हणून हे सोडून देण्यासारखं नव्हतं.

वेबपीच्या ज्या प्रकारात क्वालिटी अजिबात कमी होत नाही त्यात हफमन कोडिंग वापरतात, जे वारंवार येतं त्याला छोटा कोड, क्वचित येतं त्याला लांब. फोटो उघडताना या कोडचं टेबल मेमरीत मांडावं लागतं आणि गडबड तिथंच होती. टेबल जास्तीत जास्त केवढं होईल हे आधीच ठरवून तेवढीच जागा घेतलेली, पण तो हिशोब नियमात बसणाऱ्या कोडपुरताच खरा. पंगतीचं बघा, शंभर पानं मांडली आणि यादी खरी की खोटी हे लोक बसल्यावर तपासलं, तोवर जास्तीचे लोक शेजारच्याच्या अंगणात जाऊन बसले. मेमरीत ते अंगण दुसऱ्या कामाचं असतं, त्यावर लिहिलं गेलं की प्रोग्राम कोसळतो. १.३.२ आवृत्तीत आधी मोजायचं, कमी पडली तर जागा वाढवायची, अशी दुरुस्ती झाली.

ॲपलची सिक्युरिटी टीम आणि टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला हे कळवलं, ११ ला क्रोमचा अपडेट आला, १२ ला फायरफॉक्सचा. पण त्या त्रुटींच्या यादीत सुरुवातीची नोंद फक्त क्रोमच्या नावावर झाली आणि हे मला फार चुकीचं वाटतं, कारण हीच लायब्ररी थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि इलेक्ट्रॉन या ॲप बनवायच्या साधनावर बनलेली डेस्कटॉप ॲप्स तर अख्खं क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे तो ब्राउझर, पोटात घेऊन फिरतात, प्रत्येकाची कॉपी वेगळी.

त्याच महिन्यात, गणपतीच्या आठवड्यात, नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो, मंडळांच्या बॅनरची गर्दी, आणि दुकानातले दादा म्हणाले, "क्रोम तर केलं न भाऊ अपडेट, आता अजून काय करा लागते?" त्यांच्या एकाच मशीनवर ब्राउझर नवा, पण गिऱ्हाइकांचे फोटो ज्यात येत होते ते चॅट ॲप कित्येक महिने जुनं, म्हणजे अनोळखी फोटो नेमके जिथून आत येतात तेच दार उघडं. मग एकेक ॲप उघडून आवृत्ती बघत गेलो, चार ॲप्स बदलावी लागली, आणि एका ॲपचा अपडेट तेव्हा आलाच नव्हता, ते दादांनी काढूनच टाकलं.