धाबे (खानदेश)

धाबे म्हणजे लाकडी कड्यांवर पाट किंवा काटक्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांकाठच्या मैदानी गावांत धाब्याचे घर हेच रोजचे घर होते. शब्द आता मातीला चिकटून राहिलेला नाही. सिमेंटच्या स्लॅबवर चढणारा माणूसही इथे 'धाब्यावर' जातो. 'नियम धाब्यावर बसवणे' हा वाक्प्रचार साऱ्या महाराष्ट्रात चालतो. तो ऐकून अनेकांना हमरस्त्यावरची दालफ्राय आठवते, त्याला खानदेशचा इलाज नाही.

सपाट मातीचे छत टिकते ते पाऊस बेताचा असल्यामुळे. धुळे-जळगावच्या मैदानात वर्षाला साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही खंड देत. कोकणात याच्या तिप्पट-चौपट पडतो आणि हवा महिनोन्‌महिने दमट राहते. तिथे असले छत एका पावसाळ्यात खाली येईल, म्हणून तिथली छपरे उतरती. खानदेशच्या आतही ही सीमा दिसते. पश्चिमेला नवापूर-अक्कलकुव्याकडे आणि सातपुड्याच्या डोंगरात पाऊस वाढतो, तसे धाबे मागे पडून कौल सुरू होते.

बांधणीत ओझे खांबांवर असते. तळखड्यावर (बुडाच्या दगडावर) खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई (मुख्य वासा), तुळईवर आडव्या कड्या. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घराचा आकार खणांतच सांगतात. ऐपत असेल तर कड्यांवर सागाचे पाट जोडून बसवत. हा झाला कडीपाट. अमळनेर, पारोळा, एरंडोल अशा जुन्या बाजारपेठांतल्या वाड्यांत तो पाहायला मिळतो. ऐपत नसेल तर किलचण, म्हणजे बाभूळ-निंबाच्या काटक्या एकमेकींना खेटून, वर तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) किंवा पऱ्हाटी (कपाशीची). त्यावर पळसाची पाने नाहीतर कडुनिंबाचा पाला पसरायचा, म्हणजे माती गळत नाही आणि निंबाच्या कडूपणाने उधई (वाळवी) थोडी लांब राहते. लाकडांत साग पहिला. अंजन त्याहून जड, इतका की पाण्यात टाकला तर बुडतो. खांबाला उत्तम, पण त्याला भोक पाडताना सुताराचा घाम निघतो.

खरी गोष्ट मातीची आहे. शेतातली काळी माती धाब्यावर चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि त्याच भेगांतून पुढचा पाऊस सरळ घरात येतो. हवी ती पांढरी माती. गाव जिथे शेकडो वर्षे नांदले त्या जागेला पांढर म्हणतात. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, केरकचरा यांचा थरावर थर साचून तिथली माती फिकी, मऊ आणि खारवट झालेली असते. शेतकरी ज्या चोपण (खारवट, पाणी न मुरणाऱ्या) जमिनीला शिव्या घालतो तोच गुण इथे कामी येतो. सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या मातीचे कण पाणी लागताच सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवतात; वरचा पापुद्रा भिजून बंद झाला की पाणी मुरायच्या ऐवजी वाहते. खारेपणामुळे गवतही कमी उगवते. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. अशा टेकाडांची मातीही पांढरीच. पुराणवस्तूंचे अभ्यासक पांढरीवर खणलेले खड्डे पाहून हळहळतात, आणि त्यांचे बरोबर आहे. मात्र गावाने जुन्या घरांची माती नव्या घरांच्या डोक्यावर चढवली त्यात उद्दामपणा नव्हता, गरज होती.

थराची जाडी साधारण एक फूट. पाणी पन्हाळांकडे यावे म्हणून डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढा उतार ठेवतात. भोवती बुटका कठडा, आणि त्यातून बाहेर डोकावणारे लाकडी, मातीचे नाहीतर पत्र्याचे पन्हाळ. ते भिंतीपासून पुरेसे लांब काढले नाही तर छताचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडते. फार लांब काढले तर शेजाऱ्याच्या अंगणात पडते आणि त्यावरून भाऊबंदकी पेटते. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात साणे (उघडे भोक) ठेवतात. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे घालायचे. हे काम बहुधा घरातल्या पोराकडे असते आणि ते बहुधा उशीर करते.

फूटभर मातीतून दुपारची धग खालच्या अंगाला पोचायला आठ-दहा तास लागतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना घर आतून सुसह्य राहते ते यामुळे. ती ऊब खोलीत उतरू लागते तोवर रात्र झालेली असते, आणि माणसे शिडीने वर गेलेली असतात. उन्हाळ्यात अख्खे गाव धाब्यावर निजते. दिवसा तिथेच बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया आणि लाल मिरच्या वाळतात. खेटून असलेल्या घरांची धाबी एकमेकांना मिळालेली असली तर गल्लीत न उतरता चार घरे पलीकडे जाता येते; बायकांच्या अर्ध्या भेटीगाठी अशाच होत.

धाबे एकदा बांधून मोकळे होता येत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, शेते रिकामी झाली की मृगाच्या आत डागडुजी उरकायची असते. आधी गेल्या वर्षीचे गवत मुळासकट उपटायचे. नुसते कापले तर मूळ कुजते आणि त्याची नळी होऊन पाणी खाली जाते. उंदरांची बिळे आणि मुंग्यांची वारुळे खोदून, कोरडी माती भरून ठोकायची. मग वरचा सैल थर खरवडायचा, चाळलेली पांढरी माती पसरायची, पाण्याचा हलका शिपका द्यायचा आणि लाकडी चोपण्याने चोपायचे. कठड्याची कड आणि पन्हाळाचे तोंड ही गळतीची ठरलेली ठिकाणे. तिथे शेण आणि गव्हाचा भुसा घालून चार दिवस कुजवलेला गारा लिंपतात. मृगाची पहिली सर येऊन गेली की ओल्या मातीवर अनवाणी फिरून ती पायाने दाबायची. यात कसब आहे: माती पायाला चिकटत असेल तर लवकर गेलात, पाऊल उमटतच नसेल तर उशिरा.

या सगळ्यात खरवडणे ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते या आळसाने पाडलेली धाबी पावसाने पाडलेल्यांहून फार कमी नाहीत. हिशेब साधा आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे कोरडीच साडेपाच टनांच्या आसपास. त्यावर एक इंच वाढवला की साडेचार क्विंटलची भर. गळते म्हणून दरवर्षी अर्धा इंच टाकत गेले आणि त्यातला थोडाच वाहून गेला, तरी दहा-पंधरा वर्षांत कड्यांवर एक भरलेली बैलगाडी उभी राहते. कडी मधे वाकते, वाकली की तिथे पाणी साचते, साचले की गळते, आणि गळले की घरधनी आणखी चार टोपल्या माती वर टाकतो.

मुसळधार सरीपेक्षा झड वाईट. मोठी सर वाहून जाते. तीन-चार दिवसांची झड माती आतपर्यंत भिजवते, वजन वाढवते आणि त्याच वेळी खालच्या मातीच्या भिंती मऊ करते. 'धाबं गयस' (धाबे गळते) ही अहिराणीतली, म्हणजे खानदेशी बोलीतली, पावसाळी तक्रार झडीतलीच. आत जिथे थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर भोक असते असे नाही. पाणी पाटावरून किंवा कडीवरून सरकत दोन-तीन हात लांब जाऊन टपकते. म्हणून एक जण डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर पायाने माती दाबत सरकतो आणि दुसरा खालून ओरडून सांगतो, थांबले की नाही ते.

लाकूड सहसा मधे मोडत नाही, टोकाला सडते. तुळई किंवा कडी मातीच्या भिंतीत जिथे शिरते तिथे ओल कोंडते आणि उधईला आडोसा मिळतो. काठीने ठोकून पाहावे: भरीव लाकूड टणक वाजते, पोखरलेले बोदे. छतातून नेहमीपेक्षा जास्त भुरभुर होऊ लागली, किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर टोके उघडून बघायला हवीत. कडी बदलताना आधी तुळईला टेकू द्यायचे, मग वरून त्या खणाची माती उतरवायची, आणि त्यानंतरच कडीला हात लावायचा. माती वर ठेवून खालून कडी काढण्याची घाई जिवावर बेतते.

अलीकडे मातीखाली किंवा मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरण्याची सोय निघाली आहे. वर अंथरलेला कागद एक-दोन उन्हाळ्यांत करपून फाटतो. खाली अंथरलेला जास्त टिकतो, पण एकदा फाटला की त्याखाली गेलेली ओल वरच्या अंगाने सुकत नाही, आणि पाट सडत असल्याचे खालून कळते तेव्हा उशीर झालेला असतो. एका पावसाळ्याची नड भागवायला ठीक. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

धाबी कमी होण्यामागे लाकूड महागले, पांढरी माती मिळेनाशी झाली आणि मातीकाम जाणणारे हात उरले नाहीत, ही कारणे आहेत. शिवाय प्रधानमंत्री आवास योजनेसारख्या योजनांच्या लेखी मातीचे छत कच्चे ठरते, आणि कच्चे म्हणवून घेण्यातच लाभ आहे. त्या जागी पत्रा येतो किंवा स्लॅब. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही. स्लॅब मातीच्या थरापेक्षा पातळ, त्यामुळे त्याची धग संध्याकाळपासूनच खोलीत उतरते. कुणी त्यावर चुना मारतात, कुणी ओली पोती टाकतात.

धाबे उतरवले की कड्या-पाट वाया जात नाहीत. जुना, मुरलेला साग नव्या सागापेक्षा कमी वाकतो, म्हणून सुतार तो घासून दारे-चौकटींसाठी घेतात; जाडजूड तुळया आणि कोरलेले हस्त जुन्या लाकडाचे व्यापारी घेऊन जातात. मातीही ट्रॉलीत भरून शेतात जाते. वर्षानुवर्षांची राख आणि शेण तिच्यात असल्याने ती खत म्हणून विस्कटतात, फक्त एकाच जागी जास्त पडू देत नाहीत, कारण खारेपणा पिकाला बाधतो.