सीफायर

सीफायर : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचे लढाऊ विमान. धावपट्टीसाठी घडवलेल्या स्पिटफायरमध्ये फेरफार करून ते विमानवाहू नौकांसाठी तयार करण्यात आले.

असे फेरफार निकडीतून सुरू झाले. नौदलाची स्वतःची लढाऊ विमाने शत्रूच्या विमानांपुढे संथ पडत होती. जून 1940 मध्ये नॉर्वेतून माघार घेताना हवाई दलाची 10 हरिकेन लढाऊ विमाने ‘ग्लोरियस’ या विमानवाहू नौकेवर उतरली. त्यांना हूक, म्हणजे डेकवरील तारेत अडकून विमान थांबवणारा आकडा, नव्हता. ब्रेक लागताच विमान नाकावर उलटू नये म्हणून शेपटीत वाळूची पिशवी ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियस बुडवली आणि त्या 10 वैमानिकांपैकी फक्त दोघे वाचले. मात्र वेगवान लढाऊ विमान डेकवर उतरू शकते, हे त्यांनी दाखवून दिले होते. पुढे हरिकेनची नौदलासाठीची आवृत्ती, सी हरिकेन, आली आणि 1941 च्या अखेरीस हूक बसवलेल्या स्पिटफायरच्या चाचण्या सुरू झाल्या.

हूक बसवणे त्यातल्या त्यात सोपे होते. खरी अडचण उतरण्याची. स्पिटफायरचे लांब नाक उतरताना नेमका डेकच झाकून टाकत असे. त्यामुळे सरळ न येता डावीकडून वळत, डेक नजरेत ठेवून उतरण्याची रीत रुळली. चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी ती छोट्या नौकांवर यशस्वी करून दाखवली. चाकांतले अंतर पावणेसहा फुटांच्या आसपास आणि त्यांचे पाय नाजूक. हलत्या डेकवरचा आदळा त्यांना सोसत नसे. पंखांची घडी तर 1943 च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत होत नव्हती. ब्रिटिश नौकांवरील हँगरची (विमाने ठेवण्याच्या जागेची) उंची कमी असल्याने पंख वर दुमडून त्यांची टोकेही पुन्हा वाकवावी लागत.

सप्टेंबर 1943 मध्ये दोस्त फौजा इटलीतील सालेर्नो येथे उतरत असताना या उणिवा एकदम उघड्या पडल्या. समुद्रावर वारा जवळजवळ नव्हता आणि छोट्या विमानवाहू नौकांचा वेगही कमी. त्यामुळे विमाने डेकवर अधिक वेगाने येऊन आदळत. पाच नौकांवरील 106 सीफायरपैकी तिसऱ्या दिवशीच्या पहाटे उड्डाणयोग्य उरली 39. बहुतेक विमाने शत्रूमुळे नव्हे, तर उतरतानाच्या अपघातांत निकामी झाली. हा दोष वैमानिकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. अनेकांना अशा डेकचा सराव फारच थोडा होता.

हवेत मात्र सीफायर अस्सल स्पिटफायरच. कमी उंचीवर ते झपाट्याने वर चढे, म्हणून 1945 मध्ये पॅसिफिकमध्ये जपानी वैमानिकांचे कामिकाझे (आत्मघातकी) हल्ले रोखायला ते फार उपयोगी ठरले. इंधन थोडे असल्याने पल्ला तोकडा. त्यासाठी पोटाखाली जादा टाक्या लावाव्या लागत. नौकेसाठीच घडवलेले अमेरिकी हेलकॅट डेकवर कितीतरी दणकट होते. अखेरच्या सीफायर 47 ने 1950 मध्ये ‘ट्रायम्फ’ नौकेवरून कोरियाच्या युद्धात भाग घेतला. तोवर इंजिन बदलले होते, हूक शेपटीत गेला होता; तरी जोरात उतरल्यावर धडाच्या मागच्या पत्र्याला सुरकुत्या पडतच होत्या.