स्थानिक शासन व स्वयंसेवी संस्था यांचे सहकार्य

विकसनशील देशांतील नगरपालिका, पंचायती, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासनाबाहेरच्या स्वयंसेवी संस्था यांनी सार्वजनिक कामे वाटून घेण्याची किंवा मिळून करण्याची पद्धत. पाणीपुरवठा, सांडपाणी, प्राथमिक आरोग्य, शिक्षण आणि गरीब वस्त्यांतील घरे ही तिची नेहमीची क्षेत्रे. कधी ती लेखी करारावर चालते, कधी समितीतील जागांवर, तर कधी एखादा अधिकारी आणि एखादा कार्यकर्ता यांच्या परस्परविश्वासावर. हा तिसरा प्रकार सहज जुळतो आणि अधिकाऱ्याची बदली झाली की बहुधा संपतो.

पार्श्वभूमी : १९८०नंतर अनेक देशांनी सत्तेचे विकेंद्रीकरण हाती घेतले. फिलिपिन्सने १९९१मध्ये स्थानिक शासन संहिता केली, भारतात ७३वी व ७४वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली, बोलिव्हियाने १९९४मध्ये लोकसहभागाचा कायदा केला. कामे खाली सोपवली गेली. ती पेलायला लागणारे अभियंते, लेखापाल आणि पैसा मात्र सगळीकडे पोहोचला नाही. त्याच सुमारास परदेशी देणगीदारांनी केंद्र सरकारांना वगळून स्वयंसेवी संस्थांकडे निधी वळवायला सुरुवात केली. त्यामुळे कायदेशीर अधिकार पालिकेकडे, तर मोटारी, संगणक आणि प्रशिक्षित माणसे संस्थेकडे, अशी विषम जोडी जागोजागी तयार झाली. पुढच्या बऱ्याच सहकार्याचे आणि बऱ्याच भांडणांचेही मूळ या विषमतेत आहे.

कायद्याने दिलेली जागा : फिलिपिन्सच्या संहितेने स्थानिक विकास परिषदेत किमान एक-चतुर्थांश सदस्य स्वयंसेवी संस्थांचे असावेत असे बंधन घातले, आरोग्य व शाळा मंडळांतही त्यांना स्थान दिले. जागा मिळाल्याने वजन मिळतेच असे नाही. महापौरांनी आपल्याच मर्जीतल्या संस्था पुढे केल्या, की परिषद नुसती सह्यांपुरती उरते. नागा या शहराने यावर चांगला तोडगा काढला. महापौर जेसी रोब्रेडो यांच्या काळात १९९५मध्ये केलेल्या वटहुकमाने शहरातील संस्थांची स्वतंत्र लोकपरिषद मान्य झाली आणि पालिकेच्या समित्यांवर कोण जाणार हे ठरवण्याचा हक्क त्या परिषदेकडे गेला.

बोलिव्हियात रोख वेगळा होता. राष्ट्रीय कर-उत्पन्नाचा २० टक्के वाटा लोकसंख्येनुसार नगरपालिकांना मिळू लागला आणि खर्चावर नजर ठेवायला स्थानिक जनसंघटनांच्या दक्षता समित्या नेमल्या गेल्या. केरळात १९९६च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना-निधीतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. आराखडे करायला शिकवण्याच्या कामात केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने उतरले. पैसा आधी हाती आल्यामुळे तिथल्या ग्रामसभांच्या चर्चेला अर्थ होता. निधीविना घेतलेल्या सहभागाच्या सभांना लोक दुसऱ्या खेपेला येत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ओरंगीतील कामाची वाटणी : या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण कराचीचे. समाजशास्त्रज्ञ व ग्रामविकासाचे कार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी १९८०मध्ये ओरंगी या विस्तीर्ण अनधिकृत वस्तीत प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. सांडपाणी गल्लीतून वाहत होते आणि ते सरकारने मोफत काढून द्यावे, अशी लोकांची अपेक्षा होती. खान यांनी कामाचे दोन भाग पाडले. घरातला संडास, गल्लीतली भूमिगत नळी आणि ती पुढे नेणारी वस्तीतली वाहिनी हा आतला भाग. तो रहिवाशांनी आपल्या पैशाने व देखरेखीखाली करायचा. मुख्य गटारे आणि शुद्धीकरण केंद्र हा बाहेरचा भाग, तो सरकारचा. साधारण वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हे संघटनेचे एकक. गल्लीने आपल्यातून एक प्रमुख निवडायचा, त्याने वर्गणी गोळा करायची. प्रकल्पाने मोजमाप, नकाशे, खर्चाचा अंदाज आणि अवजारे दिली. अनुदान दिले नाही. कंत्राटदाराचा नफा आणि मधली टक्केवारी गळाल्याने खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला.

पण गल्लीतले पाणी कुठेतरी सोडावे लागते, आणि तिथे पालिकेशिवाय गत्यंतर नव्हते. रहिवाशांच्या वाहिन्या बहुधा नैसर्गिक नाल्यांना जोडलेल्या होत्या. संस्थेने, पुढे परवीन रहमान यांच्या नेतृत्वाखाली, वस्त्यांचे आणि नाल्यांचे तपशीलवार नकाशे तयार केले. लोकांनी जमिनीखाली काय घालून ठेवले आहे याची नोंद सरकारदप्तरी नव्हती. ती या नकाशांत होती, आणि आंदोलनापेक्षा ती अधिक उपयोगी पडली. घटक-वाटणीचे हे तत्त्व २००६च्या पाकिस्तानच्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणात आले. पाण्याच्या चोरट्या व्यापाराचीही नोंद ठेवणाऱ्या रहमान यांची २०१३मध्ये हत्या झाली. नकाशा काढणे हे निरुपद्रवी तांत्रिक काम आहे, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सेवांचे कंत्राट : बांगलादेशात १९९८मध्ये आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने शहरी प्राथमिक आरोग्य प्रकल्प सुरू झाला. ढाका, चट्टग्राम, राजशाही व खुलना या महानगरपालिकांच्या हद्दीत ठरावीक भागांतील दवाखाने स्पर्धात्मक निविदांद्वारे स्वयंसेवी संस्थांकडे चालवायला देण्यात आले. अशा व्यवस्थेत पालिका सेवा देत नाही, सेवा विकत घेते. त्यामुळे डॉक्टरांपेक्षा करार वाचणारा आणि कामाची तपासणी करणारा कर्मचारी तिला जास्त लागतो. नेमका तोच कमी असतो. संस्थेपुढेही पेच उभा राहतो : ज्या पालिकेकडून कराराच्या पैशाचा हप्ता यायचा, तिच्या कारभारावर जाहीर टीका कशी करायची?

अडचणी : शेजारच्या दोन गावांत दोन संस्था परस्परविरोधी पद्धती राबवतात, हा नित्याचा प्रकार आहे. बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यात विकास-सल्लागार कमल कर यांनी २०००च्या सुमारास अनुदानाशिवाय गाव हागणदारीमुक्त करण्याची पद्धत बसवली. शेजारी कोणी फुकट संडास वाटत असेल तर ती चालत नाही. एकाच क्षेत्रासाठी एकच नियम लावू शकेल अशी यंत्रणा फक्त स्थानिक शासनाची असते, आणि अनेकदा कोणती संस्था हद्दीत काय करते आहे याची तिला खबरही नसते.

दुसरा प्रश्न देखभालीचा. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे एक-तृतीयांश हातपंप बंद असल्याचा अंदाज २००९च्या आसपास मांडला गेला. पंप बसवणारी संस्था प्रकल्प संपल्यावर निघून गेलेली, गावाची पाणीसमिती वर्गणीअभावी थंडावलेली, आणि जिल्हा प्रशासनाच्या मालमत्ता-नोंदवहीत पंपाचा उल्लेखच नाही, अशा अवस्थेत सुटा भाग कोणी आणायचा हे ठरत नाही. उद्‌घाटनाच्या फलकावर दोन्ही नावे असतात, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात एकही नसते.

कायदेशीर मर्यादा : केंद्र सरकारांचे संस्थांविषयीचे धोरण खालच्या सहकार्यावर थेट परिणाम करते. इथिओपियाच्या २००९च्या कायद्याने १० टक्क्यांहून अधिक परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना हक्कांसंबंधीचे काम करण्यास मनाई केली. तो कायदा २०१९मध्ये बदलण्यात आला. भारतात परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पंचायत पातळीवर काम करणाऱ्या, स्वतः थेट देणगीदारापर्यंत न पोहोचणाऱ्या लहान संस्थांचा पैसा बहुतांशी याच वाटेने येत असे.