नायक राहिले बाजूला: इटालियन बोलीत मुरलेली पात्रं

इटलीत पाद्र्याच्या घरचा स्वयंपाकपाणी बघणाऱ्या बाईला ‘पेरपेतुआ’ म्हणतात. हे मुळात एका पात्राचं नाव. आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीतली ही बाई. पहिली आवृत्ती १८२७ची, कथानक मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या, स्पॅनिश अमलाखालच्या लोम्बार्दीतलं. पाद्र्याकडे कामाला राहणारी बाई किमान चाळिशीची हवी, असा चर्चचा नियम होता. पेरपेतुआनं ती वेस कधीच ओलांडलेली. आलेली सगळी स्थळं आपणच नाकारली, असं तिचं म्हणणं. तिला कुणी विचारलंच नाही, असं मैत्रिणींचं. मान्झोनी दोन्ही बाजू मांडून मोकळे होतात.

याच कादंबरीतला आत्सेक्कागारबूल्यी हा वकील. लग्न अडवलं गेलेला रेंझो चार खच्ची कोंबडे भेट घेऊन त्याच्याकडे जातो. हाच कुणीतरी गुंड असावा, असं समजून वकीलसाहेब त्याला सोडवण्याच्या युक्त्या सांगू लागतात. पण पोरगा फिर्यादी आहे आणि फिर्याद गावच्या उमरावाविरुद्ध आहे, हे कळताच कोंबड्यांसकट त्याला घराबाहेर काढतात. आज कायद्याचा कीस पाडणाऱ्या लबाड वकिलाला याच नावानं हिणवतात. कोंबडेही म्हणीत गेले: रेंझोच्या मुठीत उलटे टांगलेले असतानाही ते एकमेकांना टोचत होते, म्हणून संकटातही आपसात भांडणारे ते ‘रेंझोचे कोंबडे’. रेंझो आणि लुचीया या नायक-नायिकेच्या नावांचा मात्र असा शब्द झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही कादंबरी शाळेत सक्तीनं वाचूनही!

त्याआधीही हेच घडलं होतं. पंधराव्या शतकात बोयार्दो यांनी ओर्लांदो या वीरावर महाकाव्य लिहिलं, पण बोलण्यात रुळला तो ग्रादास्सो. हिंदुस्थानच्याही पलीकडचा हा राजा ओर्लांदोची तलवार आणि रिनाल्दो या दुसऱ्या वीराचा घोडा मिळवायला दीड लाख स्वार घेऊन निघतो. बढाईखोर माणूस म्हणजे ‘ग्रादास्सो’. आपल्याकडेही ‘एकच प्याला’मधला सुधाकर नाटकातच राहिला आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तळीराम आला.

सिनेमानं ही परंपरा पुढे चालवली. फेलिनी यांच्या ‘ला दोल्चे वीता’चा (१९६०) नायक मार्चेल्लो. पापाराझ्झो हा त्याच्याबरोबर हिंडणारा फोटोग्राफर. त्याच्या नावाचं अनेकवचन ‘पापाराझी’ जगभर गेलं, हे सांगायला नकोच.

ठळक अपवाद फांतोझ्झीचा. पाओलो विल्लाज्जो यांचं पुस्तक १९७१चं, चित्रपट १९७५चा. हा बापुडा हिशेबनीस नायक असूनही शब्द बनला. साहेबापुढे लाचारी, घरीदारी फजिती असं काही घडलं की ते ‘फांतोझ्झियानो’. त्याच्या डोक्यावर एक खास ढगही असतो. कारकुनाच्या सुट्टीचा दिवस गाठून बरसणारा!